उत्तेजक द्रव्यांच्या पेशंटसाठी ओपीडी समुपदेशन: सुरुवातीचे आठवडे कसे बसवावेत?

अनुबंध (प्रश्न)

नमस्कार. व्यसनमुक्तीच्या ओपीडीत समुपदेशन करणाऱ्या सगळ्यांसाठी हा प्रश्न आहे.

आमची घडी दारूच्या पेशंटसाठी बसवलेली आहे: आठवड्याला एक सत्र, पाऊण तास, महिन्यातून एकदा घरच्यांबरोबर बैठक. मेथॅम्फेटामाइन (मेथ), कोकेन किंवा मेफेड्रोन यांसारखी उत्तेजक द्रव्यं घेणाऱ्यांना ही घडी लागू पडत नाही. पहिल्या भेटीला पेशंट भरभरून बोलतो, दुसऱ्या भेटीला पेंगत बसतो, तिसऱ्या भेटीला येत नाही. महिन्याभराने आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मला हे समजून घ्यायचं आहे. आठवड्यातून किती वेळा बोलवावं आणि त्या वेळात नेमकं काय करावं? लघवीची तपासणी किती दिवसांनी करावी, आणि तिच्यावर किती विसंबावं? तपासणी निगेटिव्ह आली की बक्षीस द्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी शिफारस केलेली दिसते, ती प्रत्यक्षात चालवतात कशी? दारूसाठी जशी औषधं आहेत तशी इथे आहेत का? आणि कोणाला ओपीडीत घेऊच नये?

"पेशंटचा विश्वास संपादन करा" हे माहीत आहे. त्याच्या पुढचं, कागदावर लिहून टेबलावर चिकटवता येईल असं काही हवं आहे.

---

पायवाट

आठवड्यातून एक सत्र ही इथली मूळ अडचण आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

उत्तेजक द्रव्य बंद केल्यावर पहिले काही आठवडे लक्ष टिकत नाही, ऐकलेलं आठवत नाही आणि कशातच रस वाटत नाही. अशा माणसाला सात दिवसांनी या म्हणणं म्हणजे त्याला सात दिवस एकटं सोडणं. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये कोकेन आणि मेथच्या पेशंटसाठी मॅट्रिक्स मॉडेल तयार झालं, त्याची रचना बघा. कार्यक्रम १६ आठवड्यांचा. पहिल्या ४ आठवड्यांत सुरुवातीची कौशल्यं शिकवणारी ८ छोटी सत्रं, रिलॅप्स (सोडल्यावर पुन्हा वापर सुरू होणं) टाळण्याचा दीड तासाचा गट आठवड्यातून दोनदा असा ३२ वेळा, कुटुंबासाठी १२ माहितीसत्रं, शेवटी शेवटी आधारगट. वैयक्तिक सत्रं फक्त ३. सगळा भर वारंवार भेटण्यावर आणि गटावर आहे. मनुष्यबळ कमी असेल तर हे सगळं जमणार नाही, पण तत्त्व उचला: एका तासाचं एक सत्र ठेवण्यापेक्षा अर्ध्या अर्ध्या तासाची दोन किंवा तीन ठेवा. मध्ये एक फोन. भेटीच्या आदल्या दिवशी आठवण. आला नाही तर त्याच दिवशी फोन, आणि फोनवर जाब विचारायचा नाही, फक्त पुढची वेळ ठरवायची. चौकशी करणाऱ्याला पहिली भेट शक्यतो एक-दोन दिवसांत द्या. पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळालेला माणूस बहुधा येत नाही.

सत्रात करायचं काय? पहिले दोन आठवडे माझ्या मते एकच काम: वेळापत्रक. ऐकायला बाळबोध वाटतं, पण ओपीडीत भिंती नसतात, वेळापत्रक हीच भिंत असते. कोरा कागद, उजवीकडे तास, डावीकडे रिकाम्या ओळी. पेन पेशंटच्या हातात. समुपदेशकाने लिहायचं नाही आणि घरच्यांनी तर अजिबात नाही, कारण दुसऱ्याने लिहिलेला कागद घडी घालून खिशात जातो आणि तिथेच राहतो. आत्तापासून पुढच्या भेटीपर्यंतचा प्रत्येक तास भरायचा: झोप, जेवण, आंघोळ, काम, येण्याजाण्याचा रस्तासुद्धा. कुठल्या रस्त्याने जाणार हे लिहायला लावा, कारण माल मिळतो ते ठिकाण वाटेत असेल तर वेळापत्रकाला भोक तिथेच पडणार आहे.

यात हमखास होणारी चूक म्हणजे आदर्श दिवस लिहिणं. पहाटे पाचला उठणार, तासभर व्यायाम, मग वाचन. दुसऱ्या दिवशी पाचला उठणं झालं नाही की सगळा कागदच खोटा ठरतो. थकलेल्या, उदास माणसाला जमेल तेवढंच लिहायला सांगा. "दुपारी २ ते ४ बहिणीच्या घरी टीव्ही" हे पूर्ण वैध कलम आहे. लिहून झालं की रिकामे राहिलेले तास आणि एकटेपणाचे तास यांना गोल करा आणि त्या गोलांवरच बोला. सुट्टीचा दिवस आणि पगाराचा दिवस वेगळ्या रंगाने.

त्याच्याशेजारी महिन्याचं कॅलेंडर ठेवा. न घेतलेल्या प्रत्येक दिवसावर पेशंट स्वतः ठिपका लावतो. विस्कटलेल्या डोक्याला काळ सरकतोय हे डोळ्यांनी दिसावं लागतं.

तिसरा कागद ट्रिगरचा, म्हणजे घेण्याची इच्छा जागी करणाऱ्या गोष्टींचा. "टेन्शन आलं की घेतो" यावर काम करता येत नाही. व्यक्ती, जागा, वेळ, वस्तू आणि भावना असे वेगवेगळे प्रश्न विचारा आणि प्रत्येकापुढे शून्य ते शंभर लिहायला लावा: या प्रसंगी घेण्याची शक्यता किती? ज्यांच्यापुढे शून्य आहे त्या जागा आणि माणसं वेळापत्रकात भरायला उपयोगी पडतात. शंभरवाल्यांशी सध्या झुंजायचं नाही, टाळायचं. विक्रेत्याचे नंबर ब्लॉक करणं, पैसे पाठवण्याच्या ॲपमधून त्याचं नाव काढणं, पाइप, फॉइल, सुया, उरलेला माल बाहेर काढणं ही कामं पेशंटने एकट्याने करू नयेत. साफसफाई करताना सापडलेल्या पुडीपाशी बेत मोडतो. सोबत कोण असेल ते नावासकट लिहून घ्या.

एक प्रश्न बहुतेक जण टाळतात: लैंगिक संबंध आणि द्रव्य यांची सांगड. उत्तेजक द्रव्यांत ती फार घट्ट असते. वैयक्तिक सत्रात, साध्या आवाजात, सगळ्यांना विचारतो तसा विचारा: "संबंधांच्या वेळी घेण्याची सवय आहे का?" गटात मात्र नको.

तलफेबद्दल पेशंटला साखळी काढून दाखवा: ट्रिगर, मग विचार, मग तलफ, मग वापर. तलफ अंगात भिनल्यावर थोपवणं अवघड, विचारापाशी सोपं. विचार आल्याक्षणी मनात बटण बंद केल्याचं चित्र, मनगटावरचा रबर बँड ओढून सोडणं, सावकाश खोल श्वास, ठरलेल्या माणसाला फोन, यांतलं एक आधीच निवडून ठेवायचं आणि सत्रात करून बघायचं. पुढे खतपाणी घातलं नाही तर तलफ साधारण पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते. ती वाढतच जाईल अशी पेशंटची खात्री असते, म्हणून हा आकडा त्याला सांगणं महत्त्वाचं.

पुढचा नकाशाही आधीच द्या. पहिले १५ दिवस उतरणीचे. साधारण १६ ते ४५ दिवस बरं वाटण्याचे, आणि याच दिवसांत पेशंट "मी बरा झालो" म्हणून यायचं थांबतो. त्यानंतर चौथ्या महिन्यापर्यंत भिंत: कंटाळा, उदासी, चिडचिड, अचानक परतलेली तलफ. ४५ व्या दिवसाच्या आधी हे सांगितलेलं असेल तर भिंत आल्यावर तो "उपचाराचा उपयोग नाही" असं न म्हणता "हे तेच" म्हणतो. हे दिवस मोजून पाळायचे नाहीत, माणसागणिक मागेपुढे होतात.

गट ६ ते १० जणांचा बरा. किती घेतलं, कसं घेतलं, काय मजा आली याची रसभरीत वर्णनं तिथल्या तिथे थांबवा, ऐकणाऱ्या पाच जणांची तलफ त्यात जागी होते. कोणी नशेत आला तर त्याला गटात बसवू नका, पण हाकलूही नका. दहा मिनिटं स्वतंत्र बसा, तब्येत बघा, सुरक्षित घरी पोचवण्याची सोय करा, उद्याची वेळ द्या.

---

शांतरस

मी मनोविकार विभागाच्या बाजूने लिहिते. पायवाट यांनी लिहिलेलं सगळं पटतं, पण त्याआधी चाळणी हवी.

पहिल्या भेटीत नाडी, रक्तदाब, ताप मोजल्याशिवाय समुपदेशन सुरू करू नका. छातीत दुखणं, धाप, अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, फिटचा झटका, हातपाय किंवा बोलण्यात लुळेपणा, अंग तापून गोंधळलेली अवस्था, यांतलं काहीही असेल तर पेशंट थेट आपत्कालीन विभागात जायला हवा. तरुण आहे म्हणून छातीतलं दुखणं घाबरल्यामुळे असेल असं धरून चालू नका. कोकेन आणि मेथ दोन्हींमुळे तरुण वयात हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

मग विचारा, सोबत आणखी काय चालू आहे? उत्तेजक द्रव्याच्या विथड्रॉवलमध्ये (बंद केल्यावर होणाऱ्या त्रासात) सहसा जीव धोक्यात येत नाही, पण रोजच्या दारूच्या किंवा झोपेच्या बेंझोडायझेपाइन गोळ्यांच्या विथड्रॉवलमध्ये फिटचे झटके येऊ शकतात. असा मिश्र पेशंट डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ओपीडीत नको. दारू आणि कोकेन एकत्र गेले की शरीरात कोकाएथिलीन तयार होतं, ते कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतं आणि हृदयाला घातक असतं. "फक्त दारू चालू ठेवतो" म्हणणाऱ्या कोकेनच्या पेशंटला हे स्पष्ट सांगा. मात्र दारू सोडली नाही म्हणून त्याला दारातून परत पाठवू नका.

दुसऱ्या भेटीला पेंगणारा पेशंट क्रॅशमध्ये आहे. द्रव्य थांबल्यावर पहिले काही दिवस प्रचंड झोप, प्रचंड भूक आणि खोल उदासी असते. त्या दिवसांत त्याला ट्रिगरचा तक्ता भरायला देण्यात अर्थ नाही. दहा मिनिटांची भेट पुरे: पाणी पितो आहे का, खातो आहे का, घरी कोण आहे, आणि जीव देण्याचे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्न दर भेटीला, सरळ शब्दांत. विचारल्याने विचार रुजतात ही भीती निराधार आहे. विचार आहेत म्हणाला तर बेत ठरलाय का, साधन हाताशी आहे का, हे पुढचे दोन प्रश्न लगेच, आणि उत्तर हो असेल तर त्याला त्या दिवशी एकटं घरी पाठवायचं नाही.

उदासी पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळ्यांनाच असते, म्हणून लगेच नैराश्याचं निदान चिकटवू नका. पीएचक्यू-९ ही प्रश्नावली पहिल्या भेटीत भरून घ्या आणि वापर थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा. आकडा खाली आला नाही, किंवा पूर्वी द्रव्य नसतानाच्या काळातही नैराश्य येऊन गेलं असेल, तर स्वतंत्र उपचार हवेत. उदासी तीव्र असेल तर मात्र या वाट बघण्याच्या नियमाला चिकटून बसू नका.

संशय, कानात आवाज, त्वचेखाली किडे फिरल्याची जाणीव: द्रव्यामुळे आलेली ही लक्षणं बहुतेकांत काही दिवसांत ते आठवड्याभरात निवळतात. महिनाभर पूर्ण बंद असूनही टिकली तर मूळ मनोविकार तपासायला हवा. तीव्र अवस्थेत, विशेषतः कोणाविषयी ठाम संशय आणि सोबत राग असेल, तर ओपीडी ही जागा नव्हे. गटात तर नाहीच, पाच अनोळखी माणसं गोलात बसून आपल्याकडे बघताहेत हे त्याला सोसणार नाही.

औषधांचं उत्तर छोटं आहे. दारूसाठी नालट्रेक्झोन, ओपिऑइडसाठी (अफूच्या जातीच्या द्रव्यांसाठी) ब्युप्रेनॉर्फिन आहे, तसं उत्तेजक द्रव्यांसाठी खास मंजुरी मिळालेलं औषध नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मेथच्या एका मोठ्या चाचणीत दर तीन आठवड्यांनी नालट्रेक्झोनचं इंजेक्शन आणि रोज बुप्रोपिऑन दिल्यावर १३.६ टक्के पेशंटनी प्रतिसाद दिला, प्लासिबो (औषध नसलेली, सारखीच दिसणारी इंजेक्शनं आणि गोळ्या) मिळालेल्या गटात २.५ टक्के. फरक खरा आहे, पण आकडा लहान आहे. शिवाय ओपिऑइड घेणाऱ्याला नालट्रेक्झोन दिलं तर तीव्र विथड्रॉवल येतो, आणि झटक्यांचा इतिहास असलेल्याला बुप्रोपिऑन धोक्याचं. हा निर्णय डॉक्टरांचा. समुपदेशकाने पेशंटला एवढंच सांगावं की गोळीची वाट बघत थांबू नकोस, सध्या सर्वांत जास्त पुरावा समुपदेशन आणि बक्षीस पद्धतीच्या बाजूने आहे.

आता लघवीची तपासणी. ॲम्फेटामाइन, मेथ आणि कोकेनचे अंश साधारण २ ते ४ दिवस सापडतात, जड वापर असेल तर जास्त. म्हणून आठवड्यातून दोनदा, मध्ये तीन-चार दिवसांचं अंतर, जसं सोमवार आणि गुरुवार. फार जवळ घेतली तर एकच वापर दोनदा मोजला जातो, फार लांब ठेवली तर मधला वापर निसटतो. नमुना दिल्यापासून चार मिनिटांच्या आत तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सिअस असायला हवं, कपावर तापमानाची पट्टी असते. क्रिएटिनिन २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर नमुना पातळ झालेला आहे.

ॲम्फेटामाइनची तपासणी-पट्टी फसवते. सर्दीच्या औषधातलं स्यूडोएफेड्रिन, बुप्रोपिऑन, लॅबेटालॉल, ट्रॅझोडोन यांनी ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे वर सांगितलेलं औषध चालू असेल तर पट्टीही गोंधळणार, हे आधीच ध्यानात ठेवा. पेशंट ठामपणे नाही म्हणत असेल तर प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीने खात्री करा आणि तोपर्यंत आरोप करू नका. कोकेनची पट्टी बरीच भरवशाची. मेफेड्रोन मात्र नेहमीच्या ॲम्फेटामाइन पट्टीवर भरवशाने दिसत नाही, त्यासाठी वेगळी पट्टी किंवा प्रयोगशाळा लागते. मेफेड्रोनच्या पेशंटची साधी पट्टी निगेटिव्ह आली म्हणून शाबासकी देऊ नका.

---

मोजमाप

बक्षीस पद्धतीबद्दल लिहितो. ही पद्धत बिघडते ती बहुतेकदा तपशिलात ढिलाई झाल्यामुळे.

वागणूक एकच निवडा: उत्तेजक द्रव्यासाठी निगेटिव्ह लघवी. गांजा, दारू, तंबाखू सगळं एकदम घातलंत तर पेशंट पहिल्या आठवड्यातच हरतो. निकाल मिनिटांत कळणारी पट्टी हवी, आणि बक्षीस त्याच खोलीत, त्याच भेटीत. प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर पुढच्या आठवड्यात देऊ म्हटलं की परिणाम उतरलाच. द्रव्य सेकंदा-मिनिटांत मोबदला देतं, त्याच्याशी सामना आहे.

चिठ्ठ्यांच्या बरणीची प्रचलित मांडणी अशी. बरणीत ५०० चिठ्ठ्या. २५० वर फक्त "शाब्बास". २०९ वर लहान बक्षीस, ४० वर मोठं, १ वर सर्वांत मोठं. किमतींचं प्रमाण १ : २० : १००. पहिल्या निगेटिव्ह तपासणीला १ चिठ्ठी उचलायची, सलग दुसऱ्या निगेटिव्हला २, असं ८ पर्यंत चढायचं आणि पुढे दर वेळी ८. पॉझिटिव्ह आली किंवा न कळवता गैरहजर राहिला तर त्या दिवशी चिठ्ठी नाही, आणि पुढच्या निगेटिव्हला पुन्हा १ पासून. उचललेली चिठ्ठी परत बरणीत टाकायची, नाहीतर शक्यता बदलत जातात.

खर्चाचा हिशेब आधी मांडा. लहान बक्षिसाची किंमत १ एकक धरली तर एका चिठ्ठीची सरासरी सुमारे २.२ एकक पडते. आठवड्याला २ प्रमाणे १२ आठवड्यांत २४ तपासण्या. सगळ्याच निगेटिव्ह आल्या तर १६४ चिठ्ठ्या, म्हणजे सरासरी ३६४ एकक. हा वरचा टोकाचा अंदाज, प्रत्यक्षात बहुतेकांचं कमी होतं. पैसे अपुरे असतील तर बक्षिसं छोटी करून सगळ्यांना वाटण्यापेक्षा कमी पेशंट घ्या. फार लहान बक्षिसाचा परिणाम होत नाही, आणि मग लोक म्हणतात पद्धतच चालत नाही.

दुसरा प्रकार ठराविक व्हाउचरचा. १९९० च्या दशकात व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या पेशंटसाठी तो बसवला. प्रत्येक सलग निगेटिव्हला किंमत थोडी वाढते, तीन सलग आल्या की वेगळा बोनस. पॉझिटिव्ह आली तर पुन्हा तळाशी, पण त्यानंतर पाच सलग निगेटिव्ह दिल्या की आधीच्या पायरीवर परत. ही शेवटची तरतूद विसरू नका. वरून पडलेल्या माणसाला परत चढायचं कारण त्यातून मिळतं.

कुठे फसतं तेही सांगतो. कर्मचाऱ्यांना दया येते आणि "आज बिचाऱ्याची आई आजारी आहे" म्हणून पॉझिटिव्ह असूनही चिठ्ठी दिली जाते. दुसऱ्या दिवशी सगळ्या गटाला ते कळतं आणि नियम संपतो. उलट्या बाजूने, पॉझिटिव्ह आल्यावर लांब चेहरा आणि भाषण. तेही नको. "आज पॉझिटिव्ह आहे, म्हणून आज चिठ्ठी नाही. गुरुवारी पुन्हा संधी आहे, नक्की या." एवढंच, त्याच स्वरात. नियम एका पानावर लिहून पहिल्या दिवशी सही घ्या. रोख रक्कम नको, आणि दारू-तंबाखू मिळेल असं व्हाउचरही नको.

---

कडुनिंब

माझा या पद्धतीला आक्षेप आहे. स्वतःच्या भल्यासाठी सोडायचं त्याचे पैसे कशाला, ही लाचच नाही का? बारा आठवड्यांनी बक्षीस थांबलं की काय? आणि बरणीतून चिठ्ठी काढणं हा जुगारच झाला. व्यसनी माणसाला एक सोडवून दुसरं लावायचं?

---

मोजमाप

तिन्ही प्रश्न रास्त आहेत.

लाच चुकीच्या कामासाठी देतात, इथे तपासून खात्री केलेल्या आरोग्याच्या वागणुकीला मोबदला आहे. "स्वतःच्या भल्यासाठी" ही प्रेरणा खरी असते, पण तिचं फळ सहा महिन्यांनी दिसतं, आणि पहिल्या दोन महिन्यांत पेशंटला कशातच आनंद वाटत नसतो. तेवढा काळ बाहेरून टेकू द्यायचा.

थांबल्यावर परिणाम ओसरतो, हे खरं आहे. म्हणून बरणी एकटी चालवू नये. त्या बारा आठवड्यांत नोकरी, जुने छंद, न घेणारे मित्र, व्यायाम यांतलं काहीतरी रुळायला हवं, म्हणजे मोबदला क्लिनिकऐवजी तिथून मिळू लागेल. पायवाट यांचं वेळापत्रक इथे कामाला येतं.

जुगाराबद्दल: ज्याला जुगाराची समस्या आहे किंवा होती, त्याला बरणी देऊ नका, ठराविक व्हाउचर द्या. पहिल्या भेटीत तसा प्रश्न विचारून नोंद ठेवा.

---

माजघर

कुटुंबाबद्दल थोडं.

पहिल्याच दिवशी पेशंटची लेखी संमती घ्या: घरच्यांना काय सांगायचं आणि काय नाही. "हजर होता की नाही" हे सांगायला बहुतेक पेशंट तयार होतात. लघवीचा निकाल घरी कळणार असेल तर नमुना टाळायला सुरुवात होते, म्हणून तो आपणहून कळवू नका.

घरच्यांना माहिती द्यायचीच, पण क्रमाने. पहिल्या आठवड्यात त्यांना एवढंच हवं असतं की हा दिवसभर झोपतोय ते आळसामुळे आहे का. नाही, तो क्रॅश आहे, झोपू द्या, खायला द्या. दोन महिन्यांनी परत चिडचिड सुरू होईल, तेव्हा "पुन्हा घेतलंस ना?" हा पहिला प्रश्न नको. त्या काळात हाच प्रश्न सगळ्यात जास्त भांडणं लावतो.

पैशाचं धोरण ठरवून द्या: हातात रोख नाही, गरजेची वस्तू घरच्यांनी थेट आणून द्यायची. पगार हाती येत असेल तर पगाराच्या दिवशी सोबत कोण असेल ते पेशंटच्या संमतीने ठरवा. न घेतलेल्या दिवशी घरच्यांनी काय करायचं हेही ठरवून द्या. एकत्र जेवणं, त्याच्या आवडीचं काही करणं, आणि घेतल्याचं दिसलं तर भांडण न करता ते त्या दिवसापुरतं मागे घेणं. लक्ष फक्त बिघडल्यावर मिळत असेल तर बरं वागण्याला घरात मोबदलाच उरत नाही.

संशयाच्या झटक्यात असलेल्याशी वाद घालायचा नाही, अंगाला हात लावायचा नाही, दाराच्या बाजूला उभं राहायचं, मुलांना दुसऱ्या खोलीत न्यायचं आणि मदत बोलवायची. हे घरच्यांकडून एकदा बोलून घ्या, ऐन वेळी सुचत नाही.

बाजारातल्या उत्तेजक मालात काही ठिकाणी फेंटानिलसारखे ओपिऑइड मिसळलेले असतात. अशा भागात नॅलॉक्झोन (ओपिऑइडच्या अतिमात्रेवरचा उतारा) घरात असायला हवं आणि ते कसं द्यायचं ते घरच्यांना करून दाखवायला हवं. उत्तेजक द्रव्याच्या अतिमात्रेवर त्याचा उपयोग नाही, मिसळलेल्या ओपिऑइडवर आहे.

---

अनुबंध

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवार-गुरुवारची तपासणी आणि वेळापत्रकाचा कागद यापासून सुरुवात करतो, बरणीसाठी खर्चाचा तक्ता वरिष्ठांपुढे ठेवतो.

एक राहिलं. पेशंट चार आठवडे छान राहून एकदा घेऊन येतो. त्या सत्रात नेमकं काय बोलायचं? "का घेतलंत" म्हटलं की "माहीत नाही" एवढंच उत्तर येतं.

---

पायवाट

"का" विचारूच नका. "केव्हा" विचारा आणि मागे मागे जा. साधारण असं चालतं:

"घेतलंत तेव्हा किती वाजले होते?"
"रात्री अकरा. एका मित्राबरोबर."
"त्याआधी कागदावर लिहिलेलं शेवटचं काम?"
"पाचला कामावरून सुटणं."
"पाच ते अकरा काय लिहिलं होतं?"
"काहीच नाही. भाऊ येणार होता, आला नाही."
"मित्राची गाठ कशी पडली?"
"त्याचा मेसेज आला. नंबर ब्लॉक होता, दुसऱ्या नंबरवरून आला."
"वाचल्यावर मनात पहिलं वाक्य काय आलं?"
"नुसतं भेटून येतो."

इथे थांबा. या पेशंटसाठी "नुसतं भेटून येतो" हा विचार म्हणजे साखळीची दुसरी कडी. ते वाक्य त्याच्याच अक्षरात त्याच्या कार्डावर लिहायचं, आणि ते मनात आलं की कोणाला फोन करायचा ते नाव खाली. बाकीच्या दुरुस्त्या आपोआप दिसतात: भाऊ आला नाही तर पाच ते अकरा काय, अनोळखी नंबर आला तर काय.

या सत्रात दोन गोष्टी टाळा. पहिली, आधीचे अठ्ठावीस दिवस वाया गेले असं तोंडातून किंवा चेहऱ्यावरून दाखवणं. कॅलेंडरवरचे ठिपके पुसायचे नाहीत, घेतलेल्या दिवसाची जागा रिकामी ठेवायची आणि पुढच्या दिवसापासून पुन्हा ठिपके. बक्षिसाची पायरी खाली येते ती येऊ द्या, पण दोन्ही हिशेब वेगळे आहेत हे समजावून सांगा. दुसरी, "एकदाच झालं ना, सोडा" म्हणून पुढे जाणं. एकदा घेतल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत पुन्हा घेण्याची शक्यता बरीच असते, कारण "आता तसंही मोडलंच" हा विचार सोबत आलेला असतो. म्हणून त्या आठवड्यापुरती भेटीची वारंवारता वाढवा.

घेतल्यापासून किती तास झाले, झोप झाली का, छातीत काही होतंय का, उदासी किती आहे, हे शांतरस यांनी सांगितलेले प्रश्न आधी विचारून घ्या, साखळी त्यानंतर. झोपेअभावी डोळे मिटत असतील तर साखळी उद्यावर ढकला. पण तो उठण्यापूर्वी त्याच्या हाताने पुढच्या २४ तासांचं वेळापत्रक लिहून घ्या, उद्याची वेळ त्यातच टाका, आणि सोबत येणाऱ्याला ती वेळ त्याच्यासमोर फोनवर सांगा.